काचबिंदू : घराने ओळखायचा आजार

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील कुटुंबांसमोर बदलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आरोग्यविषयक व्याख्यान म्हटले की वक्ता रुग्णांना उद्देशून बोलतो आणि बाकीचे श्रोते ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून ऐकतात. आज मी हा क्रम उलटा करणार आहे. माझा विषय काचबिंदू हा आहे. परंतु मी बोलणार आहे ते प्रामुख्याने ज्यांचे डोळे उत्तम आहेत अशा मुलामुलींशी, सुनांशी, भावाबहिणींशी. याचे कारण या आजाराच्या स्वभावातच आहे. ज्याला काचबिंदू होतो त्याला तो बहुधा जाणवत नाही. त्याच्या खुणा आधी घरात उमटतात. त्या वाचण्याचे काम घराने केले नाही, तर वैद्याकडे रुग्ण पोहोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

दोन्ही नावांत ‘बिंदू’ असल्याने आपल्या समाजात मोठी गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते काढून कृत्रिम भिंग बसवता येते आणि गेलेली दृष्टी परत येते. म्हणूनच ‘अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी बघू’ ही भाषा आपल्याकडे रूढ झाली. काचबिंदूच्या बाबतीत हीच भाषा घातक ठरते.

आपल्या डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि एका सूक्ष्म जाळीतून सतत बाहेर जात असतो. या आवक-जावकीतून डोळ्यात एक दाब राहतो. सर्वसाधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. जाळीतून निचरा नीट होईनासा झाला की दाब वाढतो आणि त्याचा भार डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेवर पडतो. या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरत जातात आणि मेलेला तंतू आजच्या कोणत्याही उपचाराने पुन्हा जिवंत होत नाही. काही जणांच्या बाबतीत तर दाब मोजमापात ‘नॉर्मल’ येतो आणि तरीही नस झिजत जाते. उपचार शिल्लक तंतू वाचवू शकतो, गेलेले परत आणू शकत नाही. म्हणून या आजारात वेळेला जेवढे मोल आहे, तेवढे नेत्ररोगांत क्वचितच अन्यत्र असेल.

याचा एक दुसरा प्रकारही आहे. त्यात निचऱ्याचा मार्ग एकाएकी बंद होतो. डोळा लाल होतो, असह्य वेदना होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात. घरचे लोक अर्धशिशी किंवा पित्त समजून गोळी देतात आणि मोलाचे तास निघून जातात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अधिमंथ’ नावाचा नेत्ररोग वर्णिला आहे. डोळा घुसळला जात असल्यासारखी वेदना आणि अर्ध्या डोक्याची पीडा ही त्याची लक्षणे आजच्या या तीव्र काचबिंदूशी पुष्कळ जुळतात, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. असा झटका आल्यास त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, नेत्रतज्ज्ञ गाठला पाहिजे. परंतु हा प्रकार निदान आरडाओरडा तरी करतो. माझी अधिक चिंता आहे ती मुकाट्याने येणाऱ्या पहिल्या प्रकाराची.

रुग्णाला न दिसणारी उणीव

भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन झालेल्या पाहण्यांत ज्यांना हा आजार आढळला, त्यांपैकी दहांतील नऊहून अधिक जणांना तो आपल्याला आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हते. शिकलेला, नोकरी करणारा, वर्तमानपत्र वाचणारा माणूसही यातून सुटत नाही. असे का व्हावे?

काचबिंदू पाहण्याच्या क्षेत्राच्या कडेने आत शिरतो. मध्यभागाची दृष्टी शेवटपर्यंत चांगली राहू शकते. म्हणजे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो आणि तरीही टेबलाचा कोपरा मांडीला लागतो. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेली रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून स्वतःच सारवून टाकतो. लंडनमधील सिटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ५० रुग्णांना निरनिराळी चित्रे दाखवून ‘तुम्हाला जग कसे दिसते?’ असे विचारले. आपण पुस्तकांत जे काळ्या बोगद्याचे चित्र छापतो, ते त्यांपैकी एकानेही निवडले नाही. कोणी म्हणाले की काही भाग पुसट दिसतो, कोणी म्हणाले की काही वस्तू तेथे नसतातच. आणि चौघांतील एकाला आपल्या दृष्टीत काही उणे आहे याची जाणीवच नव्हती.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. अंधार दिसला असता तर माणूस घाबरून वैद्याकडे गेला असता. येथे अंधार दिसत नाही. रस्त्यावरची सायकल फक्त ‘अचानक’ समोर येते. मग माणूस सायकलवाल्याला दोष देतो आणि घरचे लोक माणसाला.

जिना, फलाट आणि गाभारा

आपल्या परिसरातील रोजचे जीवन डोळ्यांसमोर आणा. विठ्ठलवाडीपासून वांगणीपर्यंतचा माणूस लोकलवर जगतो. पादचारी पुलाच्या पायऱ्या, फलाट आणि डबा यांतील अंतर, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी गर्दी हे सारे आपण पायांनी नव्हे, तर डोळ्यांच्या खालच्या आणि बाजूच्या भागाने पार करत असतो. काचबिंदू नेमका तोच भाग खातो. पुलावरून उतरताना शेवटची पायरी चुकते. उन्हातून सावलीच्या फलाटावर आल्यावर काही क्षण काहीच उमजत नाही. चढताना माणूस खांब चाचपडतो आणि मागून आवाज येतो, ‘काका, पुढे सरका.’

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर आपल्या सर्वांचे श्रद्धास्थान आहे. इसवी सन १०६० चा शिलाहारकालीन शिलालेख तेथे आहे. त्या मंदिराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि बाहेरच्या लख्ख उजेडातून येऊन अंधूक प्रकाशात पायऱ्या उतरूनच पिंडीपर्यंत जावे लागते. काचबिंदू असलेल्या माणसाच्या दोन्ही अडचणी, उजेडातून अंधारात जाणे आणि खाली उतरणे, येथे एकाच ठिकाणी येतात. महाशिवरात्रीला वर्षानुवर्षे उत्साहाने जाणारे आजोबा एखाद्या वर्षी ‘बाहेरूनच नमस्कार करतो’ म्हणाले, तर त्याला लगेच वार्धक्य म्हणू नका. एकदा डोळे तपासा.

घरातल्या खुणा तर याहून स्पष्ट असतात. ताटाशेजारचा पाण्याचा पेला वारंवार कलंडतो. दिवाळीत उंबरठ्यावरच्या रांगोळीवर पाय पडतो. खेळणारे नातवंड पायात येते. पुढ्यात ठेवलेली वाटी ‘वाढलीच नाही’ असे वाटते. संध्याकाळनंतर बाहेर पडण्याची टाळाटाळ सुरू होते. उल्हासनगरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतील कारागीर असो किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहणारा कामगार असो, हातातले काम त्याला बिनचूक जमते. पण बाजूने येणारी ढकलगाडी दिसत नाही. स्कूटर चालवणाऱ्याला गल्लीतून येणारे वाहन उशिरा दिसते. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांमध्ये पडण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक आढळली होती आणि वाहन-अपघाताची त्याहूनही जास्त.

वांगणी हे नाव आपल्याला परके नाही. अनेक दृष्टिहीन कुटुंबे तेथे राहतात आणि त्यांतील कित्येक जण लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून स्वाभिमानाने संसार चालवतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात एका दृष्टिबाधित मातेचे मूल तिचा हात सुटून रुळांवर पडले. समोरून एक्स्प्रेस येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्या मुलाला वाचवले. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले आणि त्या शौर्याला वंदन केले. त्या प्रसंगाने फलाटाची कडा किती निर्दय असते हेही दाखवून दिले. पांढरी काठी हातात असलेल्या माणसाला आपण निदान वाट करून देतो, हात देतो. काचबिंदूच्या रुग्णाच्या हातात काठी नसते, डोळे उघडे आणि स्वच्छ दिसतात. तो डोळसांत मोडत नाही आणि दृष्टिहीनांतही मोडत नाही. त्याला वाट करून देणारे कोणी नसते.

‘बघून चाला’ या शब्दांचा घाव

शरीराच्या आजारातून मनाचा आजार कसा उगवतो, हे येथे पाहायला मिळते. दर दोन दिवसांनी काहीतरी सांडते, काहीतरी लागते आणि दर वेळी प्रेमाने असो वा त्राग्याने, घरातून एकच वाक्य ऐकू येते, ‘जरा बघून चाला ना!’ तो माणूस बघूनच चाललेला असतो. त्याच्या दृष्टीने तेथे काही नव्हतेच. हळूहळू त्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. तो भाजी आणायला जाणे सोडतो, मग सकाळचा फेरफटका, मग लग्नकार्ये. लोक म्हणतात, स्वभाव बदलला.

निदान झाल्यानंतर दुसरी भीती सुरू होते. ‘आता मी आंधळा होणार’ हा विचार रात्री झोपू देत नाही. या भीतीला उत्तर खोट्या दिलाशाने देऊ नये, सत्याने द्यावे. सत्य असे आहे की वेळीच निदान होऊन नियमित उपचार घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना आयुष्यभर कामापुरती दृष्टी टिकवता येते. स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यातील दाब सरासरी पाव हिश्शाने उतरवला तेव्हा आजार पुढे सरकण्याचा धोका निम्मा झाला. पाव हिस्सा दाब उतरवणे हे रोजच्या थेंबांनी किंवा लेसर उपचाराने पुष्कळदा साधते. नाही साधले तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे.

थेंबांचा नेम

अडचण एवढीच की हे थेंब घेऊन काही ‘बरे’ वाटत नाही. डोकेदुखीची गोळी घेतली की आराम पडतो. येथे काल जसे दिसत होते तसेच आज दिसते. उलट थेंबांनी डोळा चुरचुरतो, लाल होतो. मग माणूस म्हणतो, ‘काही फरक नाही, बंद करतो.’ फरक न पडणे हेच या उपचाराचे यश आहे, हे रुग्णाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते आणि ते काम डॉक्टरांच्या दहा मिनिटांत होत नाही. ते घरातच व्हावे लागते.

काही साध्या गोष्टी सांगतो. देवापुढे दिवा लावण्याची जशी वेळ ठरलेली असते, तशी थेंबांची वेळ ठरवावी. वेळेला एक थेंब पुरतो. अधिक घातले तर ते गालावर ओघळतात आणि पैसे वाया जातात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून ठेवावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. उघडलेली बाटली साधारणतः चार आठवड्यांनी टाकून द्यावी. हात थरथरत असतील तर थेंब दुसऱ्याने घालावेत. पाच-सहा वर्षांचे नातवंड निदान आठवण तरी करू शकते. गणपतीला गावी जाताना पिशवीत पहिली वस्तू ही बाटली ठेवावी. उपवासाच्या दिवशीही थेंब चुकवू नयेत. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. काही थेंब अशा रुग्णांना चालत नाहीत.

आणि एक कळकळीची सूचना. डोळा खाजतो म्हणून दुकानातून परस्पर थेंब आणून महिनोन्महिने घालणे बंद करा. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, पण दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, अगदी शाळकरी मुलांनाही.

योग आणि उषःपान

आपल्यापैकी अनेक जण नित्यनेमाने योगसाधना करतात. ती आनंदाने चालू ठेवावी; मात्र काचबिंदू असेल तर शीर्षासन टाळावे. आपल्याच देशात योगसाधकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या स्थितीत डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो, असे आढळले. डोके खाली जाणारी इतर आसनेही डॉक्टरांना विचारूनच करावीत. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल, तर तेच पाणी थोडे थोडे करून प्यावे. एकदम प्यायलेल्या लिटरभर पाण्याने दाब काही काळ चढतो.

याउलट ध्यानाविषयी एक आशादायक गोष्ट सांगतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी काचबिंदूच्या रुग्णांना तीन आठवडे रोज ध्यान करायला लावले. त्यांच्या डोळ्यातील दाब उतरला आणि मनावरचा ताणही कमी झाला, असा निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये मांडला. यातील रुग्णांचे थेंब चालूच होते, हे विसरू नये. ध्यान थेंबांच्या जोडीला शोभते, त्यांच्या जागी नाही. डोळ्यांत मध, गुलाबपाणी किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणलेला रस घालून हा दाब उतरत नाही.

घराने काय करावे?

पहिली गोष्ट रक्ताच्या नात्याची. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर इतरांना तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. म्हणून ज्या घरात एक रुग्ण सापडला, त्या घरातील सर्व भावंडांनी आणि प्रौढ मुलांनी वर्षातून एकदा तपासणी करावी. एरवी चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने दोन वर्षांतून एकदा तरी करावी. मधुमेह असलेल्यांनी किंवा जाड भिंगाचा चश्मा असलेल्यांनी अधिक सावध राहावे.

दुसरी गोष्ट, तपासणी म्हणजे काय ते समजून घ्यावे. चश्म्याच्या दुकानातील नंबर तपासणीत काचबिंदू सापडत नाही. दाबाचे मोजमाप, बाहुली मोठी करून नसेची पाहणी आणि शंका आल्यास ‘फील्ड टेस्ट’ या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारावे. नुसता दाब नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नये, हे मी मघाशी सांगितलेच. १९७६ पासून आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि मोतीबिंदूच्या शिबिरांनी लाखो लोकांना दृष्टी दिली. आपल्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांमध्ये शिबिरे घेताना आता एक पाऊल पुढे टाकावे आणि तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या नसेची पाहणी होईल अशी विनंती डॉक्टरांना करावी. मार्च महिन्यात जागतिक काचबिंदू सप्ताह असतो. ते निमित्त सोयीचे आहे. संशय आलेल्या रुग्णाला ‘मोठ्या दवाखान्यात जा’ एवढे सांगून थांबू नये. ज्याच्या घरून सोबत येणारे कोणी नाही, त्याच्याबरोबर आपण जावे. बाहुली मोठी केल्यावर त्याला एकट्याने लोकलने परतता येत नाही.

तिसरी गोष्ट घराच्या मांडणीची. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाचा पट्टा ओढावा. न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रीचा दिवा असावा. पाटे, बादल्या, चपला वाटेत ठेवू नयेत आणि वस्तूंच्या जागा वारंवार बदलू नयेत. स्टीलच्या ताटाशेजारी रंगीत पेला ठेवला तर तो सहज सापडतो. एवढ्याने पडण्याचे कितीतरी प्रसंग टळतात. गाडी चालवणे थांबवण्याची वेळ आली असे डॉक्टर म्हणाले, तर किल्ली हिसकावून घेऊ नये. ‘बाबा, मी सोडतो तुम्हाला’ असे म्हणावे आणि ते पाळावे.

चौथी गोष्ट कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केवळ तक्त्यावरची अक्षरेच नव्हे, तर पाहण्याचे क्षेत्रही मोजले जाते. ते ४० अंशांपेक्षा कमी उरले तर अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी उरले तर अंधत्व मानले जाते. म्हणजे वाचता येणारा माणूसही प्रमाणपत्राला पात्र असू शकतो. कायद्याने दिलेले हे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. नोकरीतील मुलाबाळांच्या बापाला तर ते मोठा आधार ठरू शकते.

उल्हासनगर हे शहर १९४९ मध्ये फाळणीने घरदार गमावलेल्या आपल्या सिंधी बांधवांच्या छावणीतून उभे राहिले. अंबरनाथ आणि बदलापूर हीदेखील गावोगावहून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनीच मोठी केली. त्या पिढीने काडी काडी जोडून घरे उभारली आणि आता तीच पिढी सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मुले पहाटेच्या लोकलने जातात, रात्री परततात. आईवडिलांकडे निवांत पाहण्याचा दिवस रविवारच उरतो. त्या रविवारी त्यांच्या चालण्याकडे, उतरण्याकडे, ताटावर बसण्याकडे पाच मिनिटे लक्ष द्या. पेला कलंडला तर रागावू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घ्या. ज्यांनी बोट धरून आपल्याला जग दाखवले, त्यांची उरलेली दृष्टी राखणे आपल्या हातात आहे आणि त्याची मुदत दर महिन्याला कमी होत आहे.